बारा वर्षं ठेवता का?

ऑगस्ट 2025. पोळा दोन दिवसांवर आला होता. यवतमाळहून आलेल्या एसटीतून आर्णीला उतरले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता आणि बसस्थानकात झुली, घुंगरमाळा, गोंडे घेतलेल्या माणसांची गर्दी होती. एका बाकाजवळ मात्र कोणीच उभं नव्हतं. जवळ गेल्यावर कारण कळलं. वास. कुजलेल्या मांसाचा, आणि त्यात मिसळलेला काहीतरी गोडसर. तो गोडसरपणाच सहन होत नव्हता.

बाकाखाली भुऱ्या रंगाची कुत्री पडली होती, मान एका बाजूला कललेली. डाव्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा म्हणाला, "किडे पडले तिले. दोन दिवसांत मरते." मग जरा थांबून म्हणाला, "नाहीतर काकाकडे न्या. थे काढतात किडे."

त्या 'नाहीतर'मुळे मी थांबले. ऑटोवाल्यानं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच खताचं रिकामं पोतं पायाशी अंथरलं. माझ्या पिशवीत आईसाठी घेतलेली नवी चादर होती, तिच्यात कुत्रीला गुंडाळलं. ती गुरगुरलीसुद्धा नाही, तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती. बाकापासून काकांच्या दारापर्यंत सगळं मिळून एक तास गेला असेल.

काका पशुसंवर्धन खात्यातून व्रणोपचारक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गुरांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, आता घरी हेच काम कुत्र्यांसाठी करतात. नाव छापू नका म्हणाले. नाव कळलं की रात्री कोणीतरी पिल्लांचं पोतं दाराशी टाकून जातं, हा त्यांचा अनुभव आहे. अंगणात कडुनिंब, त्याखाली टिनाची सपरी, सपरीत तेव्हा पाच कुत्री होती. एकीचा मागचा पाय प्लास्टरमध्ये होता, नागपूर-तुळजापूर महामार्गावर गाडीनं उडवलेली. रस्ता चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला. कुत्री मात्र तो जुन्याच सवयीनं ओलांडतात.

त्यांनी चादर लगेच उघडली नाही. आधी मला विचारलं, "लाळ गळत होती का? पाणी प्याली का? कोणाले चावली का?" मी दिलेलं पाणी ती प्याली होती. तिनं घोट नीट गिळला हे मी सांगितल्यावरच त्यांनी हात पुढे केला. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, आवाज बदलतो, चाल डळमळते. त्यातलं एक जरी दिसलं तरी काका हात लावत नाहीत, लावू देत नाहीत. त्यांनी स्वतः रेबीजची लस आधीच घेऊन ठेवली आहे. माणसात रेबीजची लक्षणं दिसू लागली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही, हे ते दर खेपेला नव्या माणसाला सांगतात. मलाही सांगितलं.

मग काम सुरू झालं. सुती नाडा तोंडाभोवती दोन वेढे घालून मानेमागे बांधला, जखमेभोवतीचे केस कात्रीनं कापले. कापूस टर्पेंटाइनच्या तेलात बुडवून पिळला आणि त्या भोकात बसवला. डोळे, नाक, तोंड यांच्यापासून ते तेल दूर ठेवायचं आणि मांजराला ते कधीच लावायचं नाही, हे त्यांनी कापूस धरलेल्या हातानंच बजावलं. मग आम्ही वाट पाहत बसलो.

आधीचा वास टर्पेंटाइनच्या उग्र वासाखाली दबला. दोन-तीन मिनिटांत कापूस हलायला लागला. अळी मागच्या टोकानं श्वास घेते, म्हणून ती डोकं मांसात खुपसून शेपूट वर ठेवते. तेलानं तिचा श्वास कोंडला की ती बाहेर सरकते. काकांनी कापूस काढला आणि चिमट्यानं एकेक अळी ओढून वाटीतल्या तेलात टाकू लागले. पांढऱ्या, जाड, भाताच्या शिताएवढ्या. मी मोजत होते. चाळीसनंतर मोजणं सोडलं. नाण्याएवढ्या तोंडाच्या त्या जखमेत आत करंगळी जाईल एवढी पोकळी होती, आणि कानाच्या मुळापर्यंत ती पोखरत गेली होती.

हे सारं दोनेक दिवसांत झालेलं असतं. ओल्या जखमेवर हिरवट-निळी चकाकणारी माशी अंडी घालते, ती बारा ते चोवीस तासांत फुटतात, आणि अळ्या आठवडाभर मांस खाऊन मातीत पडतात. पावसाळ्यात हे जास्त. खरचटल्याच्या पहिल्या दिवशी कोणी हळद किंवा माशी न बसू देणारं मलम लावलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

माझे डोळे भरून आले होते. काकांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "ताई, कान धरा. सैल नाही, नीट धरा." मी कान धरला. तो तापलेला होता. बोटांखाली एक शीर उडत होती, आणि त्या क्षणापासून ती कुत्री माझ्यासाठी बसस्थानकातली कुत्री राहिली नाही. पुढे कितीतरी दिवस बोटांना तो कान आठवत राहिला.

जखम धुतली, औषध भरलं, पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावून वजन सांगितलं आणि त्यांनी ठरवलेल्या मात्रेनं इंजेक्शन दिलं गेलं. मात्रा डॉक्टरच सांगणार, हा काकांचा नियम. हात धुऊन ते पायरीवर बसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरी होईल थे. पंधरा-सोळा दिवस लागतीन. मंग? ठेवता का?"

मी म्हटलं, बघते, घरी विचारते.

"विचारा. पण दोन महिने नका विचारू. बारा वर्षं विचारा. कुत्रं बारा वर्षं जगते. बारा वर्षं ठेवता का?"

मी उत्तर न देता घरी आले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. चिमटा, कापूस, धुणं. दर दिवशी राहिलेल्या चार-दोन अळ्या निघायच्या. वास कमी होत गेला तशी ती मान सरळ करू लागली. तिसरा दिवस पोळ्याचा होता, 22 ऑगस्ट. बाहेर बैल सजवून नेत होते. सपरीतल्या टीव्हीवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी चालली होती. दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात कोंडायचा 11 ऑगस्टचा आदेश तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्या दिवशी बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथलं तिथं सोडायचं. पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल ते सोडायचं नाही. आणि ज्याला भटकं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यानं नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, मग ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची.

काका पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं. कोर्टबी तेच सांगून राह्यलं."

हा वाद विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं आहे त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावं, नाहीतर निवाऱ्यात ठेवावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या सक्तीला स्थगिती दिली. सक्तीनं दत्तक देता येत नाही, हे मलाही पटतं. पण त्या आदेशामागची चीड मी समजू शकते. काकांच्या शेजारच्या घरातल्या मुलाच्या पोटरीचा कुत्र्यानं लचका तोडला होता. त्याचा बाप एक दिवस कुंपणापाशी येऊन तावातावानं बोलला, ही सगळी हाकला म्हणाला. काकांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "पोराच्या सगळ्या सुया झाल्या का? जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतली होती का?" तो गेल्यावर मला म्हणाले, "त्याचं चूक नाही. ज्याच्या लेकराले चावलं त्याले दया नाही शिकवायची."

सगळी निवाऱ्यात न्या, असं म्हणणं सोपं आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात 1.53 कोटी भटकी कुत्री मोजली गेली, त्यातली सुमारे 12.76 लाख महाराष्ट्रात. आर्णीहून मोठ्या निवाऱ्याचं नाव घ्यायचं तर यवतमाळ ओलांडून वर्ध्यापर्यंत जावं लागतं, पिपरी (मेघे) इथल्या पीपल फॉर ॲनिमल्सच्या करुणाश्रमापर्यंत. जखमी कुत्र्याला ऑटोत घालून तिथं कोण नेणार? तालुक्याच्या गावात निवारा म्हणजे कोणाचं तरी अंगण असतं. ते अंगण भरलं की पुढच्या कुत्र्याला जागा नसते. म्हणून काकांचं खरं काम अळ्या काढण्याचं नाही, बऱ्या झालेल्या कुत्र्याला घर शोधण्याचं आहे. तेच जास्त अवघड आहे.

मी तिथं असताना तीन जण आले. पहिल्याला जातिवंत पिल्लू हवं होतं, तो अंगणात पाऊलही न टाकता गेला. दुसऱ्याला शेतात राखणीला कुत्रं हवं होतं. काकांनी विचारलं, बांधून ठेवणार का, रात्री भाकर कोण घालणार, सोयाबीन निघाल्यावर कुठं ठेवणार? शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला, आणि काकांनी नाही म्हटलं. तिसरी एक बाई होती, नवऱ्याला घेऊन आलेली. बाईंना बाकाखालची ती भुरी आवडली. नवरा म्हणाला, "नर असन तर द्या. मादी नको, पिल्लं होतात."

हे वाक्य काकांनी कितीदा ऐकलं असेल. मादी माजावर आली की नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, वर्षातून दोनदा होऊ शकतात, म्हणून पोत्यात भरून टाकलेल्या पिल्लांत माद्याच जास्त असतात. यावर उपाय एका शस्त्रक्रियेचा आहे. सहा महिन्यांच्या पुढे मादीची नसबंदी होते, काही दिवस जपावं लागतं, आणि प्रश्न कायमचा मिटतो. सरकारी नियमानं नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच करतात. तशी खाच असलेलं कुत्रं आर्णीच्या रस्त्यावर शोधत मी त्या आठवड्यात हिंडले. मला एकही दिसलं नाही.

त्या दोघांना काका एवढंच म्हणाले, "ऑपरेशन करून देतो. मंग बारा वर्षं ठेवता का?" नवरा हसला. ते दोघं गेले.

त्या रात्री मी आईला विचारलं. भाड्याचं घर आहे, म्हणून घरमालकांनाही विचारलं. आई बहात्तर वर्षांची आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बारा वर्षं मी काही राहत नाही. पण तू राहशील. आण." घरमालकांची अट एकच होती, लसीचं कार्ड त्यांना दाखवायचं.

गणपती विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी मी तिला आणायला गेले. कानामागची जखम भरून गुलाबी चट्टा राहिला होता, त्यावर अजून केस आले नव्हते. रेबीजची लस टोचून झाली होती, जंताचं औषध दिलेलं होतं. काकांनी ओठ वर करून तिचे दात पाहिले. "दोन वर्षांची असन. म्हणजे बारातली दोन गेली. तुमच्या वाट्याले दहा." मग गळ्यातला पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाले, "महिन्यानं फोटो नका पाठवू. घेऊन या. मले पाहायचं हाय."

पहिले चार दिवस ती पलंगाखालून निघाली नाही. पाचव्या दिवशी आईच्या पायाशी येऊन झोपली. दिवाळीचे फटाके तिनं न्हाणीघरात बसून काढले, आणि मी तिच्याजवळ तिचा तोच कान धरून बसले. हिवाळ्यात यवतमाळला नेऊन नसबंदी करून आणली. 7 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकांतली भटकी कुत्री हलवावीत आणि परत तिथं सोडू नयेत, असा आदेश दिला. ती बातमी वाचताना बाकाखालची ती जागा डोळ्यांसमोर आली. भुरी आता तिथली नाही. पण तिथली बाकीची कुठं जाणार, हे कोणा एका काकांच्या अंगणावर सोडून चालणार नाही.

रस्त्यावरचं जखमी कुत्रं पाहून थांबावंसं वाटलं तर जरूर थांबा. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल तर हात न लावता नगरपरिषदेला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नाहीतर पाणी ठेवा, डॉक्टरांना फोन करा. कुत्रं पाळायचंच असेल तर जातिवंत पिल्लासाठी पैसे मोजण्याआधी अशा एखाद्या अंगणात जाऊन या, आणि मादी आहे म्हणून परत फिरू नका. पाळणं जमणार नसेल तर आपल्या गल्लीतल्या एका मादीच्या नसबंदीचा खर्च उचला. गावाला त्याचा उपयोग एका दत्तकाइतकाच होईल. आणि पट्टा हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून काकांचा प्रश्न विचारा: बारा वर्षं ठेवता का?