लढाईच्या गोष्टीची उलटतपासणी

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांचं हाडवैर आहे, ही समजूत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचाही कधी जन्म झाला असेल, हे मनात येत नाही. तिचा जन्म बऱ्यापैकी अलीकडचा आहे. न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८७४ मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला. त्याच्या चारच वर्षं आधी पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त व्हॅटिकनमध्ये संमत झाला होता आणि ड्रेपर यांचा सगळा रोख कॅथलिक चर्चवर होता. कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी १८९६ मध्ये त्याच युद्धाचे दोन खंड काढले. कोणत्याही पंथाला न बांधलेलं विद्यापीठ उभारलं म्हणून धार्मिक मंडळींची टीका त्यांनी वर्षानुवर्षं सोसली होती. म्हणजे दोघेही आपल्या काळाच्या भांडणात उभे राहून मागच्या शतकांकडे पाहत होते. त्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत झिरपली. ती तपासायची कशी, हे शिकायला मात्र विद्यापीठांना बराच वेळ लागला.

आज एडिंबरोत या विषयाची पदव्युत्तर पदवी घेता येते, ऑक्सफर्डमध्ये त्याचं स्वतंत्र अध्यासन आहे, केंब्रिजमध्ये २००६ पासून फॅरडे इन्स्टिट्यूट आहे. या अभ्यासाची सुरुवात सहसा इयन बार्बर यांच्या १९६६ च्या ग्रंथापासून मोजतात. शिकागोत भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवून पुढे येलमध्ये ईश्वरविद्या शिकलेल्या बार्बर यांनी नंतर विज्ञान आणि धर्म यांच्या नात्याचे चार प्रकार पाडले: संघर्ष, स्वातंत्र्य, संवाद आणि एकात्मता. वर्गात शिकवायला ही विभागणी फार सोयीची. तरीही मला वाटतं, गेल्या साठ वर्षांची खरी कमाई मेळ घालणाऱ्यांची नाही, इतिहासकारांची आहे. चार प्रकार पाडायचे तर ‘विज्ञान’ आणि ‘धर्म’ या दोन ठरीव वस्तू सर्व काळी समोरासमोर होत्या, हे आधी गृहीत धरावं लागतं. इतिहासकारांनी नेमकं हेच गृहीतक हलवलं. पीटर हॅरिसन यांनी २०१५ च्या ग्रंथात दाखवलं की ज्या लॅटिन शब्दांतून हे दोन इंग्रजी शब्द आले, ते मध्ययुगात माणसाच्या अंगच्या गुणांची नावं होते. ‘सायंटिस्ट’ हा शब्द तर १८३० च्या दशकात घडला आणि तो घडवणारे विल्यम ह्यूएल स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री होते.

युद्धाच्या गोष्टीविरुद्धचा पुरावा पाहायचा तर बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये पाहावा. ईस्टरची तारीख वसंतसंपातावर अवलंबून असते आणि संपात चुकला की सगळं धार्मिक वर्षच चुकतं. म्हणून १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी यांनी तिथल्या फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली. छताजवळच्या छिद्रातून येणारं सूर्याचं बिंब रोज दुपारी या रेषेवर पडे. बिंबाचा आकार वर्षभरात किती बदलतो हे त्यांनी मोजलं आणि सूर्याच्या भासमान गतीबाबत टॉलेमीपेक्षा केप्लरचा हिशोब बरोबर ठरला. हे घडलं पोपच्या राज्यातल्या शहरात, गॅलिलिओच्या शिक्षेनंतर अवघ्या बावीस वर्षांनी. जॉन हाइलब्रॉन यांनी १९९९ च्या ग्रंथात हा हिशोब मांडला आणि असा निष्कर्ष काढला की सहा शतकांहून अधिक काळ खगोलशास्त्राला सर्वाधिक आर्थिक आधार रोमन चर्चनेच दिला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: गॅलिलिओवर खटला झालाच ना? झाला. १६३३ मध्ये त्यांना पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत सोडावं लागलं, उरलेलं आयुष्य नजरकैदेत गेलं, आणि त्यांचा ग्रंथ बंदीच्या यादीतून १८३५ पर्यंत निघाला नाही. हा अन्याय कमी लेखणारा इतिहास मला नको आहे. पण एका खटल्यावरून सोळा शतकांचा नियम काढता येत नाही आणि बोलोन्याची रेषा त्या नियमात बसत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. १९९० च्या दशकात टेम्पल्टन फाउंडेशनच्या निधीवर असे अनेक अभ्यासक्रम उभे राहिले, तेव्हा त्यांचे निष्कर्ष धर्माच्या बाजूने झुकले नसतील कशावरून? ही शंका रास्त आहे; मेळ घालणाऱ्या लेखनाला ती लागूही पडते. मात्र रॉबर्ट मर्टन यांचा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या विज्ञान आणि धर्म यांच्या नात्यावरचा प्रबंध १९३८ मध्येच छापला गेला होता. युद्धाची गोष्ट मोडीत काढणारा निबंधसंग्रह डेव्हिड लिंडबर्ग आणि रॉनल्ड नंबर्स यांनी १९८६ मध्ये संपादित केला, म्हणजे फाउंडेशन स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी. शिवाय ॲडव्हेंटिस्ट घरात वाढलेले नंबर्स पुढे अज्ञेयवादी झाले होते. धर्माचा बचाव करण्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता.

इतिहासकारांच्या या रीतीने वाचायला मराठीतही कागद आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात खगोल आणि भूगोल पुराणांतल्या विश्वरचनेविरुद्ध साक्षीला उभे केले जात आणि विज्ञान हे ख्रिस्ती धर्माचं सोबती म्हणून येई. ड्रेपर यांचं पुस्तक निघायला तेव्हा बत्तीस वर्षं होती.