कासव पाळताय? जरा दमानं!

कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजरीचे केस सोफ्यावर नकोत. मग उरतं कोण? कासव! भुंकत नाही, ओरबाडत नाही आणि वास्तुवाल्यांच्या मते लक्ष्मीही आणतं. पण घरी आणण्याआधी एवढं वाचाच.

कुठलं कासव?
पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं स्टार कासव कुणी देऊ केलं, तर सरळ नाही म्हणा. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद, दंड वेगळा. शिवाय हा कोरड्या माळावरचा गडी. ‘शुभ’ म्हणून पाण्याच्या टाकीत सोडलात, तर बुडून मरतो.

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात दिसतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं स्लायडर. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. घेताना नाण्याएवढं, मोठी मादी मात्र फूटभर! आयुष्य 20-30 वर्षं. म्हणजे तुमचं लग्न, पुण्याची बदली, मुलांची दहावी... सगळ्याला हजर.

घर आणि ऊन
काचेचा बाऊल नको. मोठी टाकी, फिल्टर आणि अंग सुकवायला दगड हवाच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. काच यूव्हीबी किरणं अडवते, मग कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. सकाळचं कोवळं ऊन द्या, सोबत सावलीही ठेवा. वाशिमच्या मे महिन्यात टाकी गच्चीवर विसरलात, तर कासव भाजून निघेल.

जेवण
नुसती सुकी कोळंबी घातली, की ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे सुजतात. पिल्लाला रोज पेलेट्स. मोठ्याला एक दिवसाआड, सोबत जास्वंदीची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. दूध, पाव, भात अजिबात नको.

हात धुवा!
कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने 1975 मध्ये 4 इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. घरात लहान मूल असेल तर दोनदा विचार करा.

कंटाळा आला तर?
पद्मतीर्थात किंवा एकबुर्जी धरणात सोडणं हे पुण्य नव्हे. स्लायडर तिथल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं. म्हणूनच युरोपने 1997 मध्ये त्याची आयात थांबवली. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर विचारा. त्याहून बरं, 30 वर्षांची तयारी नसेल तर आणूच नका!