नेटची वायर काढून चालवून बघा

कॉम्प्युटर विकला गेला की गिऱ्हाइकाचं काम संपतं, आमचं तिथून सुरू होतं. ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप आम्ही चंद्रपुरात घेतो, उघडून साफ करतो (कोळशाच्या गावात फॅनवर बसणारी धूळही काळीच) आणि मग ते गोंडपिपरी, आलापल्ली, पार भामरागडपर्यंत जातात. त्यात काय टाकून द्यायचं, यावर दुकानात जेवढा खल होतो तेवढा किमतीवरही होत नाही.

“भाऊ, विंडोज टाकून देता ना?” हा पहिला प्रश्न ठरलेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते या मशिनींत नाही. क्रॅक मारलेली कॉपी आम्ही टाकत नाही. त्या क्रॅकबरोबरच व्हायरस घरात शिरतो. चार जीबी रॅम असली की लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकतो आणि ती छान पळते. डिजिटल सहीची डोंगल लावून तेंदूच्या निविदा भरणाऱ्याला मात्र आम्हीच सांगतो, हे मशीन घेऊ नका, नवं घ्या.

आलापल्लीकडून एकांचा फोन आला होता. कॉम्प्युटर त्यांनी दुसरीकडून घेतलेला. “नेट आहे जी, पण एकही साइट उघडत नाही. दुसरा ब्राउझर सांगा.” म्हटलं, कोपऱ्यात तारीख काय दिसते? “एक जानेवारी २००९.” मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. लाइट गेली की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. सेल बदलला, साइटी उघडल्या. सॉफ्टवेअरला हातही लावावा लागला नाही.

एका निवृत्त गुरुजींच्या पेनड्राइव्हमध्ये आयुष्यभराचं लिखाण होतं आणि उघडेल त्या फाइलीत इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. कृतिदेव फॉन्ट टाकला, तशी ओळीमागून ओळ मराठी दिसू लागली. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीनला नाक लावून आपलंच लिखाण वाचत उभे राहिले. जुन्या फाइलींसाठी हा फॉन्ट हवाच. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये आधीपासून असतो. गोंडी घर असेल तर आम्ही नोटो सान्स मसाराम गोंडी हा मोफत फॉन्टही टाकून देतो. मुन्शी मंगलसिंग मसाराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली ही लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आपली लिपी स्क्रीनवर दिसते, हे त्या घरातल्या पोरांना कळायलाच हवं.

भामरागडचं मशीन निघताना सगळ्यात जास्त वेळ लागतो. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, मग नेटचा काय भरवसा? त्यामुळे लिब्रेऑफिसचा मराठी भाषा पॅक, व्हीएलसी, फायरफॉक्स आणि किविक्समध्ये अख्खा मराठी विकिपीडिया इथूनच भरून देतो. पोरं नेटशिवाय तो वाचतात. खरी मेख प्रिंटरची. एचपीचा लेझरजेट १०२० अजून घरोघरी दिसतो, पण लिनक्सवर त्याला एचपीचा वेगळा प्लगइन लागतो आणि तो नेटवरून उतरवावा लागतो. इथे टाकला नाही, तर तिथे प्रिंटर नुसता शोभेला. लाइटचाही नेम नसतो, म्हणून लिब्रेऑफिसचं ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणतो.

एवढंच. क्लीनर, बूस्टर, तीन-तीन अँटीव्हायरस आम्ही टाकत नाही. दोन-चार जीबी रॅमचं मशीन त्यांच्याच ओझ्याखाली बसतं.

जुना कॉम्प्युटर घेणार असाल, तर दुकानातच नेटची वायर काढायला लावा. मराठीत चार ओळी टाइप करा, सेव्ह करा, प्रिंट काढा. मग मेन स्विच बंद करून परत चालू करा आणि तारीख बघा. हे सगळं जमलं, तरच पैसे द्या.