आपल्या हापशाचे पाणी कितपत सुरक्षित?

कवठे महांकाळ तालुका दुष्काळी. विहीर आटली की बोअर, बोअर आटली की टँकर, हे आपल्या वस्त्यांना पाठ आहे. पाणी मिळाले यातच समाधान मानून ते कसे आहे, हे विचारायचे राहून जाते.

आपल्या पायाखाली काळा खडक आहे. वर माती, मग मुरूम, त्याखाली भेगा पडलेला पाषाण. जाड मातीतून पाणी मुरले तर बरीचशी घाण गाळली जाते. माळावर मात्र मातीचा थर पातळ. तिथे शोषखड्ड्याचे, गटाराचे पाणी न गाळताच भेगांतून विहिरीत उतरू शकते. द्राक्षबागांना, पिकांना दिलेल्या नत्रखताचा काही अंशही पाण्याबरोबर खाली जातो. त्यात वस्ती गावाच्या उताराला असेल, तर वरच्या आळीचे सांडपाणी आपल्याच हापशाभोवती साचते.

पाण्यातल्या जंतूंमुळे हगवण, कावीळ, विषमज्वर होतो. पाणी चांगले उकळल्याने जंतू मरतात. खतातून व मैल्यातून येणारे नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, ओठ व नखे निळसर पडतात. तसे दिसताच बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे. इतक्या लहान बाळाला अंगावरचेच दूध द्यावे, वरचे पाणी नको.

वस्तीतल्या चार बायाबापड्यांनी मिळून एवढे पाहावे :

१) शौचालयाचा खड्डा विहीर-हापशापासून किमान १५ मीटर लांब आहे का? भेगाळ खडकात अंतर जितके जास्त तितके बरे.
२) हापशाचा ओटा फुटला आहे का? सांडलेले पाणी तिथेच मुरते का?
३) उकिरडा, गोठा वरच्या अंगाला आहे का?

आरोग्य विभाग पावसाळ्याआधी व नंतर, असे वर्षातून दोनदा पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. लाल म्हणजे धोका मोठा. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले, वस्तीचा हापसा त्या पाहणीत होता का, हे ग्रामसेवकांना विचारा. जलसुरक्षकाकडून पाण्याचा नमुना तपासणीला पाठवून घ्या. जंतूंची आणि रासायनिक, दोन्ही तपासण्या मागा.

येत्या ग्रामसभेत हा प्रश्न आपल्या माताभगिनींनीच मांडावा, असे आम्हाला वाटते. घरात पाणी भरतात त्या, आणि आजारी लेकराच्या उशाशी बसतात त्याही त्याच.