एका आघातापुरते कवच

भोपाळच्या नैर्ऋत्येस, केरवा धरणाच्या अंगाला, डांबरी रस्ता संपून मुरमाची वाट लागते तिथे माझा भाचा दर रविवारी पहाटे आपली डर्ट बाइक घेऊन जातो. विंध्याच्या वालुकाश्माचे उघडे खडक, मध्येच काळ्या मातीचा पट्टा, उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा आणि पावसाळ्यात चाकाला लपेटणारा चिखल, असा तो मुलूख. गेल्या वैशाखात एका उतारावर तो पडला. वेग फार तर माणूस धावतो तेवढा असेल. उठला, अंग झटकले आणि गाडी चालवीत घरी आला. हेल्मेटच्या डाव्या बाजूस एक ओरखडा होता, एवढेच. परंतु आतले अस्तर काढून पाहिले तेव्हा त्या ओरखड्याच्या नेमके खाली, पांढऱ्या कठीण थर्माकोलमध्ये, अंगठा रुतल्यासारखा खळगा पडलेला दिसला आणि त्यातून केसाएवढी भेग निघालेली होती. त्याच दुपारी मी पट्टा कात्रीने कापून ते हेल्मेट बाद केले. भाच्याला वाईट वाटले. ते त्याने सहाच महिन्यांपूर्वी घेतले होते.

शिरस्त्राणाचे सारे मर्म त्या खळग्यात आहे. दीड मीटर उंचीवरून नुसते कोसळले तरी मस्तक ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने खाली येते, आणि खडकावर ते दोनचार मिलिमीटरांच्या आत थांबले तर कवटीच्या आत तरंगणारा मेंदू त्या धक्क्याने हाडावर आपटतो. बाहेरचे कठीण कवच तो आघात विस्तृत भागावर पसरवते, आणि आतला थर स्वतः चिरडला जाऊन मस्तकाला थांबण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर अवकाश मिळवून देतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटने एकदा जोराचा मार खाल्ला, त्याचे आयुष्य तिथेच संपले असे समजावे.

हे ज्ञान फार जुने नाही. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून विख्यात असलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शल्यचिकित्सकाच्या मनाला तो मृत्यू इतका लागला, की त्याने मोटरसायकलस्वारांच्या मस्तकाघातांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. चिरडणाऱ्या अस्तराची कल्पना मात्र अमेरिकेतील प्राध्यापक लोम्बार्ड यांची. तिचे पेटंट १९५३ चे.

डर्ट बाइकचे हेल्मेट रस्त्यावरच्या हेल्मेटाहून वेगळे दिसते ते शोभेसाठी नव्हे. रानवाटेवर स्वार उभ्याने गाडी हाकतो, धापा टाकतो, घामाने निथळतो. म्हणून हनुवटीचा भाग पुढे काढून तिथे श्वासाला जागा ठेवलेली असते. काच नसते, कारण धुळीने ती क्षणात आंधळी होईल. तिच्याऐवजी रुंद झरोका आणि त्यात बसणारा गॉगल. वरचा लांब छज्जा समोरच्या गाडीच्या चाकाने उडवलेले खडे आणि तिरपे ऊन अडवतो. हमरस्त्यावर वेग वाढला की हाच छज्जा वारा धरतो आणि मान मागे ओढली जाते. तेव्हा रोज कचेरीत जाण्यासाठी हे हेल्मेट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवड रंगावरून होते, ही खेदाची गोष्ट आहे. भोपाळात १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा हुकूम जारी झाला होता. पण हुकूम डोक्यावर हेल्मेट ठेववतो, ते डोक्याला बसते की नाही हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर फीत धरून डोक्याचा घेर मोजावा, त्या मापाचे हेल्मेट चढवावे आणि दुकानात पंधरा मिनिटे तसेच बसावे. गाल दाबले गेले पाहिजेत. कपाळावर एका बिंदूत दुखता कामा नये. हेल्मेट हलवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा दोन कड्यांतून ओढून घट्ट करावा आणि मागच्या कडेला धरून ते पुढे उपटण्याचा प्रयत्न करावा. उपटले गेले तर ते परत ठेवून द्यावे, किंमत कितीही उतरवून मिळत असली तरी. गॉगल सोबत न्यावा आणि तोही चढवून पाहावा. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्यावाचून दुचाकीचे हेल्मेट विकण्यास आपल्याकडे बंदी आहे. शिक्क्यासोबत आयएस ४१५१ हा मानकक्रमांक आणि परवान्याचा क्रमांक वाचून घ्यावा. आपल्या बेळगावात तयार होणाऱ्या वेगा कंपनीच्या हेल्मेटांतही डर्ट बाइकसाठीचा नमुना मिळतो, तेव्हा परदेशी वस्तूसाठी अडून बसण्याचे कारण नाही.

निगा राखणे कष्टाचे नाही, सवयीचे आहे. सुका चिखल खरवडू नये. ओले फडके वर ठेवून तो भिजू द्यावा. अस्तर सुटे करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने चुबकावे. आमच्याकडे पहिल्या बादलीचे पाणी काळ्या चहासारखे होते, तिसरीचे निवळते. वाळवावे सावलीत, भोपाळच्या मे महिन्यातल्या उन्हात कधीही नाही. पेट्रोल, थिनर वा रॉकेलने डाग काढू नयेत. ही द्रव्ये कवच ठिसूळ करतात आणि थर्माकोल विरघळवतात. आरशावर अडकवून ठेवण्याची रीत तर सोडूनच द्यावी, कारण आरशाचा दांडा आतल्या थराला रोज थोडा थोडा दाबत राहतो. अपघात झाला नाही तरी पाच वर्षांनी नवे घ्यावे. बनवल्याचा महिना बहुधा आत चिकटवलेला असतो.

नवे हेल्मेट घेताना भाच्याला मी गालाच्या गाद्यांजवळची लाल फीत दाखवली. ती ओढली की गाद्या निघून येतात आणि बेशुद्ध स्वाराची मान न पिळता हेल्मेट सोडवता येते. सर्व हेल्मेटांना ती सोय नसते. पडलेल्याचा श्वास चालू असेल तर डॉक्टर वा रुग्णवाहिका येईपर्यंत हेल्मेटला हात लावावयाचा नाही, हे त्याने सोबत येणाऱ्या दोघा मित्रांनाही सांगितले आहे, आणि आता रविवारी निघण्यापूर्वी तिघे एकमेकांचे पट्टे ओढून पाहतात.