पुस्तक एक, घरं तीन

नाशिकच्या पांडवलेण्यांवरचं एखादं पुस्तक हातात घ्या आणि ते कोणत्या कपाटात ठेवाल ते सांगा. आत सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख आहेत, म्हणजे इतिहास. कातळात कोरलेलं चैत्यगृह आहे, म्हणजे वास्तुकला. लेणी भिक्खूंच्या निवासासाठी खोदलेली, म्हणजे बौद्ध धर्म. डोंगर एकच, पण ग्रंथपालापुढे घरं तीन: ९५४, ७२२ आणि २९४.३. पुस्तकाला पाठ मात्र एकच, आणि तिच्यावर चिठ्ठीही एकच चिकटते.

ही चिठ्ठी लिहिण्याची कला म्हणजे ग्रंथवर्गीकरण. नवं पुस्तक आलं की आधी दाखल रजिस्टरात नोंद होते, शिक्का बसतो, दाखल क्रमांक पडतो. तो क्रमांक पुस्तक कितवं आलं एवढंच सांगतो. कशाबद्दल आहे ते सांगतो वर्गांक. त्यासाठी ग्रंथपाल मलपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका चाळतो. नुसत्या नावावर भरवसा ठेवला तर फसगत ठरलेली. कुसुमाग्रजांचं ‘वैष्णव’ नाव बघून संतसाहित्यात गेलं असतं; ती कादंबरी आहे.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, गावाच्या तोंडी ‘सावाना’, १८४० सालचं. जगभर चालणारी दशांश वर्गीकरण पद्धत मेल्विल डेव्ही या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये छापली, म्हणजे आपलं वाचनालय तिच्याहून छत्तीस वर्षांनी थोरलं! डेव्हीच्या आधी बहुतेक ठिकाणी क्रमांक कपाटाला असे: अमुक कपाट, तमुक खण, डावीकडून सातवं. खण भरला की पुढची सगळी व्यवस्था कोलमडायची. डेव्हीने क्रमांक पुस्तकाच्या विषयाला दिला. कपाटं हलवा, इमारत बदला, पुस्तकांचा आपसातला शेजार मोडत नाही. शिवाय दशांश चिन्हानंतर हवी तेवढी जागा. द्राक्षबागायतीचा ६३४.८, त्याच द्राक्षांची वाइन झाली की मुक्काम हलतो ६६३.२ वर. निफाडचा बागाईतदार आणि वाइन गाळणारा कारखानदार अशा रीतीने वेगवेगळ्या कपाटांपुढे उभे राहतात.

आता कुसुमाग्रजांचंच बघा. ‘विशाखा’ कविता म्हणून ८९१.४६१ वर, ‘नटसम्राट’ नाटक म्हणून ८९१.४६२ वर आणि ‘वैष्णव’ ८९१.४६३ वर. त्यात कवितेवर नाव कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर. एका माणसाची अशी तीन खणांत आणि दोन नावांत वाटणी झालेली. ती जुळवते तालिका, म्हणजे पूर्वीची खणाखणांत रचलेली पत्रं आणि आताचा संगणक. ‘शिरवाडकर पहा’ एवढ्या दोन शब्दांच्या पत्रावर वाचकाची अर्धी वणवण वाचते. पुस्तक एकाच जागी राहू शकतं, पत्रं हवी तितकी करता येतात. पांडवलेण्यांच्या पुस्तकाची सोडवणूकही इथेच होते.

या आकड्यांत एक पक्षपातही आहे. इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ असा अख्खा वाडा; मराठीला ८९१ च्या आत, भारतीय आर्यभाषांच्या चाळीत, सहाव्या नंबरची खोली. ज्या वाचनालयात बहुतेक पुस्तकं मराठीच, तिथे प्रत्येक पाठीवर ८९१.४६ लिहून काय साधणार? म्हणूनच आपल्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत कपाटांवर सरळ पाट्या दिसतात: कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, बालवाङ्मय. देवघेवीच्या खिडकीशी येणारे आजोबा ‘काहीतरी ऐतिहासिक द्या’ म्हणतात, ‘८९१.४६३ द्या’ म्हणत नाहीत.

आपल्या गरजेप्रमाणे पद्धत बेतायची खटपट जुनीच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना अमेरिकेहून बडोद्याला आणलं. बोर्डेन यांनी डेव्ही आणि कटर या दोघा अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वेगळी पद्धत बसवली. पुढे मद्रासचे गणितज्ञ एस. आर. रंगनाथन यांना लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ दिसला: त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, जोडणी मात्र दर वेळी निराळी. विषयही असेच सुटे भाग जोडून मांडता येतील, या विचारातून १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू पद्धत आली. वास्तू, स्थळ, काळ सगळं एका वर्गांकात गुंफता येतं. तरी पहिला भाग कोणता, हे कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि पुस्तक त्याच कपाटात जातं.

म्हणजे वर्गांक लिहिणारा पुस्तकापेक्षा वाचकाचा अंदाज बांधत असतो: हे शोधायला कोण येईल आणि आधी कुठे बघेल? हा अंदाज मोडायला एक सज्जन वाचक पुरतो. पुस्तक काढतो, उभ्याउभ्या चाळतो आणि नीटनेटकेपणाने भलत्याच खणात सरकवून ठेवतो. चोरीला गेलेल्या पुस्तकाची निदान नवी प्रत मागवता येते. हे मात्र संगणकावर ‘उपलब्ध’ दिसत राहतं, आणि थेट वार्षिक मोजणीला, पाककृतींच्या रांगेत पांडवलेणी सापडतात. टेबलांवर ‘चाळलेली पुस्तके येथेच ठेवावीत’ अशी पाटी असते ती त्यासाठी.