रंग झेलणारा कागद

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कुणालाही भाड्याच्या घरातली पहिली भिंत आठवायला सांगा. पांढरी, हाताला खरखरीत लागणारी, तांदळाच्या कण्या शिंपडून वरून रंग दिल्यासारखी. बहुतेकांना तो गिलाव्याचाच पोत वाटतो. प्रत्यक्षात तो राउफासर नावाचा कागद असतो. कागदाच्या थरांमध्ये लाकडाचे बारीक तंतू आणि कपचे पसरून तो बनवतात, खळीने भिंतीला चिकटवतात आणि वरून ब्रशने किंवा रोलरने रंगवतात. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर. मोटारींच्या उद्योगामुळे तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं आता स्वतःची घरं घेतात, तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच: कोऱ्या भिंतीला सरळ रंग द्यायचा की आधी असं अस्तर चढवायचं?

या अस्तराचे जनक दोन देशांत सापडतात. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टनने रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली चिवट साय पाहिली आणि तिच्यातून लिनोलियम घडवलं. १८६३ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. पायाखाली चालणारा हा पदार्थ भिंतीवरही चालेल, हे ओळखून १८७७ मध्ये त्याने लिंक्रस्टा बाजारात आणलं. घट्ट केलेल्या तेलाचा लगदा नक्षीदार रुळांखालून काढला की लाकडातलं कोरीवकाम, उठावाचं चामडं, चुन्यातली वेलबुट्टी असं काहीही साधायचं. पण ते जड होतं आणि ताठ होतं. वॉल्टनच्याच लंडनमधल्या विक्रीदालनात काम करणाऱ्या थॉमस पामरला वाटलं की हीच उठावाची नक्षी कागदाच्या नि कापसाच्या लगद्यातून काढता येईल. वॉल्टनला ही कल्पना रुचली नाही. पामर बाहेर पडला आणि १८८७ मध्ये त्याने अनाग्लिप्टाचं पेटंट मिळवलं. हलकं, लवचीक, स्वस्त आणि रंगवण्यासाठी मोकळं सोडलेलं. मला पामरचं मोठेपण यातच दिसतं. तोवर छापील वॉलपेपर विकत घेणारा माणूस रंगही कारखान्याकडूनच घेत असे. पामरने नक्षी स्वतःकडे ठेवली आणि रंग घरमालकाच्या हाती दिला.

जर्मनीतली गोष्ट याहूनही आधीची. वुपर्टालमधल्या एर्फुर्ट घराण्याची कागदाची गिरणी १८२७ पासूनची. त्याच घराण्यातल्या ह्यूगो एर्फुर्टने १८६४ मध्ये राउफासर तयार केला. तो औषधनिर्माता होता. भिंतीवर तो उघडा दिसावा, असं मात्र त्याच्या मनात नसावं, कारण पुढची कित्येक दशकं हा कागद दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवायला आणि छापील वॉलपेपरचा तळ म्हणून वापरला जात होता. घरांच्या भिंतींवर तो स्वतःच्या रूपात आला १९२० च्या दशकात. भाड्याच्या घरांच्या त्या देशात तो टिकला याचं कारण उघड आहे. भाडेकरू बदलला की कागद न काढता रंगाचा एक नवा हात देता येतो. तो हात कुणी द्यायचा, यावरून मालक-भाडेकरूंत खटले होतात. मार्च २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की, घर न रंगवता ताब्यात दिलं असेल आणि त्याची योग्य भरपाई दिली नसेल, तर छापील करारातलं कलम दाखवून भाडेकरूवर रंगकामाचा बोजा टाकता येणार नाही.

नव्या घरातली खरी अडचण मात्र कागदाची नसते, पाण्याची असते. काँक्रीट, विटांची जुडाई, गिलावा, फरशीखालचा थर या सगळ्यांतून हजारो लिटर पाणी घरात शिरतं. काही सिमेंटशी बांधलं जातं, उरलेलं हवेतूनच बाहेर पडायला हवं. जर्मन कारागीर गिलाव्याच्या दर मिलिमीटरला निदान एक दिवस धरतात, म्हणजे पंधरा मिलिमीटरच्या थराला पंधरा दिवस, आणि हेही हवा खेळती असेल तरच. ब्रिटनमधले अनेक बिल्डर घराचा ताबा देतानाच सांगतात की पहिलं वर्ष वॉलपेपरच्या फंदात पडू नका. भिंत वाळताना आकसते आणि कोपऱ्यांत, दारांच्या चौकटींवर केसाएवढ्या भेगा पडतात. त्या पडून जाऊ द्याव्यात. घाईने चढवलेल्या कागदाखाली ओल अडकते, खळ कुजते, बुरशीचे काळे ठिपके उमटतात. ओल्या सिमेंटमधला अल्क तर रंगही बिघडवतो.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांसाठी माझं स्पष्ट मत आहे: ताबा मिळाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. बाहेरची कोणती भिंत पाणी पिते, बाथरूमच्या मागची कोणती भिंत ओल धरते, हे त्या चार महिन्यांत कळतं. ज्या भिंतीला पोपडे धरतात ती आधी बाहेरून दुरुस्त व्हायला हवी. तिच्यावर कितीही महाग अस्तर लावलं तरी ते रोग झाकण्याचंच काम करेल.

भिंत वाळली की निवड सोपी होते, कारण भिंतच बोलते. जिप्सम बोर्डाच्या सांध्यांची सफाई जर्मनीत चार पायऱ्यांत मोजतात. मध्यम किंवा जाड दाण्याच्या राउफासरला दुसरी पायरी पुरते, बारीक पोताच्या अस्तराला तिसरी लागते, आणि चकचकीत पृष्ठभाग हवा असेल तर चौथी. म्हणजे कागद जितका गुळगुळीत, तितका पुट्टीचा खर्च जास्त. दुकानात गुळगुळीत नमुना आवडला म्हणून घेतला आणि खिडकीतून तिरपा उजेड पडताच भिंतीतला प्रत्येक उंचवटा दिसू लागला, असं वारंवार घडतं ते या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. बारीक भेगांची भीती असेल तर साधा न विणलेल्या तंतूंचा गुळगुळीत थर चांगला, तो भेगेवर पुलासारखा ताणून बसतो. काचतंतूंचं विणलेलं अस्तर सर्वांत कणखर. जिने, शाळा, रुग्णालयं यांसाठी तेच योग्य. कापताना त्याचे तंतू कातडीला बोचतात, हातमोजे हवेत, आणि एकदा बसल्यावर ते काढणं हे भिंत खरवडण्याइतकंच कष्टाचं. घरातल्या बैठकीसाठी मी ते सुचवणार नाही. फुगीर नक्षीचा व्हिनाइल कागदही रंगवता येतो, पण तो वाफ सहज जाऊ देत नाही. दमट भिंतीला म्हणूनच तो नकोच.

किती माल लागेल, हा हिशेब पट्ट्यांत करावा, चौरस फुटांत नव्हे. चार बाय साडेतीन मीटरची खोली घ्या. घेर पंधरा मीटर, पट्टीची रुंदी ५३ सेंटिमीटर, म्हणजे २९ पट्ट्या. अडीच मीटर उंचीला छाटणी धरून पट्टी २.६० मीटर. राउफासरच्या साडेतेहतीस मीटरच्या गुंडाळीतून बारा पट्ट्या निघतात, म्हणजे तीन गुंडाळ्या. नेहमीच्या १०.०५ मीटरच्या गुंडाळीतून तीनच निघतात, तेव्हा दहा लागतील. दारं-खिडक्या वजा करू नका. ती बचत कोपऱ्यांत आणि चुकलेल्या कापांत संपते.

लावण्याआधी प्रायमर टाळू नये. जिप्सम बोर्डाला तो दिला नाही, तर पुढे कधी कागद काढताना बोर्डाचं वरचं पुठ्ठ्याचं आवरणही सोलून निघतं. पहिली पट्टी ओळंब्याने आखलेल्या उभ्या रेषेवर बसवायची, खोलीच्या कोपऱ्यावर विसंबून नव्हे, कारण कोपरे क्वचितच सरळ असतात. सुरुवात खिडकीपासून करून उजेडापासून दूर जायचं. पूर्वी पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढवत, तेव्हा या क्रमामुळे कडेची सावली पडत नसे. आता कडेला कड भिडवतात, तरी क्रम तोच राहिला आहे. साध्या कागदाला खळ लावली की तो ओलाव्याने रुंदावतो, म्हणून घडी घालून काही मिनिटं मुरू द्यावा लागतो, आणि प्रत्येक पट्टी तेवढाच वेळ. एक कमी मुरली आणि शेजारची जास्त, तर वाळताना सांधा उघडतो. न विणलेल्या तंतूंचा थर असा पसरत नाही, त्याची खळ थेट भिंतीला लावतात. राउफासर ब्रशने दाबतात, जड रोलर फिरवला तर दाणे चेपले जातात.

रंगाची घाई इथेही नडते. खळ पुरती वाळल्याशिवाय पहिला हात दिला तर सांधे पुन्हा ओले होऊन कडा उचलतात. खिडक्या किंचित उघड्या ठेवाव्यात, पण पंखा थेट भिंतीवर सोडू नये, कारण एकाच बाजूने भराभर वाळलेला कागद ताणून फाटतो. खरखरीत पोताला रंग सपाट भिंतीपेक्षा जास्त लागतो. पाण्यात थोडा पातळ केलेला पहिला हात आणि मग दाट दुसरा, एवढं पुरे. रंग जितका जाड चढवाल, तितका दाण्यांचा उठाव बुजेल, आणि दर नव्या रंगकामागणिक तो आणखी बुजत जातो. उरलेल्या गुंडाळीतली एक-दोन मीटरची पट्टी आणि रंगाच्या डब्यावरचा क्रमांक जपून ठेवावा. विजेचं काम निघून भिंत फोडावी लागली, तर तेवढंच ठिगळ त्याच दाण्याच्या कागदातून कापून बसवता येतं आणि मग रंग संपूर्ण भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यायचा.